चिलटांचा कारखाना बंद

मंडळी, आज सकाळी धार काढताना म्हशीनं लाथ मारून बादली पालथी केली. पाहते तर चिलटं चावून कास लालभडक झालेली.

गोठ्याला मच्छरदाणी आधीच बांधली होती, पण ही बारीक चिलटं जाळीतूनही आत शिरतात. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हौदाजवळचा ओला चिखल हाच त्यांचा कारखाना."

सासूबाई म्हणाल्या, "जलमभर चावत्यात ती. सोड."

"न्हाई सोडणार, आत्याबाई," म्हणत मी खोरं उचललं.

जाऊबाई अन् मी दुपारपर्यंत चिखल उपसून मुरूम टाकला. शेवटच्या चार पाट्या तर सासूबाईंनीच ओतल्या.

एकट्या आमच्या गोठ्यानं भागणार न्हाई. उद्या शेजारच्या हौदाकडं जातोय. बिलोलीकडच्या बायांनो, तुमच्याकडं कोण खोरं उचलतंय?