मशीनच्या हातावरचे बोंबील

आमच्या बिल्डिंगसमोर रस्ता खोदायला मशीन आलं, डिझेलचा धूर खिडकीतून आत शिरला, आणि मला एकदम सुक्या बोंबलांची आठवण झाली. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन गोराईला आले, तेव्हा सासरच्या अंगणात असंच एक जुनं मशीन उभं होतं. पुढे मोठं खोरं, मागे कोपरात वाकलेला लोखंडी हात. सासऱ्यांनी ते भंगारातून आणलं होतं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे रोज दुपारी ते त्याच्याखाली आडवे पडून काहीतरी खोलत, पुसत, परत बसवत. "ते काय हलत नाय," असं म्हणून सासूबाईंनी त्या हातापासून माडापर्यंत दोरी बांधली आणि जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातले. दसऱ्याच्या दिवशी सासऱ्यांनी मशीनला झेंडूची माळ घातली आणि किल्ली फिरवली. मशीन खोकलं, थरथरलं, आणि तो हात सावकाश वर निघाला. दोरी सोडायची सगळेच विसरलो होतो. माडाकडची गाठ सुटली आणि बोंबलांची अख्खी ओळ खाडीच्या उजेडात चमकत, डुलत आभाळात गेली. सासऱ्यांचा चेहरा पडला. सासूबाई मात्र कपाळावर हात धरून बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता खाली नका आणू. वर वारा चांगला लागतोय." इंजिन बंद केलं तर हात हळूहळू खाली बसेल, म्हणून सासरे ऊन उतरेपर्यंत ते चालू ठेवून सीटवर बसून राहिले. आज खिडकीसमोर मशीनचा हात वर गेला, तेव्हा मी आधी त्याला दोरी आहे का ते पाहिलं.