गोदेलीवच्या पट्टीखालची ओळ

आमच्या संस्थेत एक लाकडी पट्टी आहे. तीस सेंटिमीटरची, एका कडेला शाईनं निळी पडलेली. ती जागेवर दिसली नाही तर आमचा संचालक दिर्कसुद्धा टेबलाखाली वाकून शोधतो. पट्टी गोदेलीव कालेन्स या बाईंची, आणि त्या बाईंविषयी कुणीतरी नीट लिहायला हवं असं मला बरेच दिवस वाटत होतं. दुसरं कुणी लिहीत नाही म्हटल्यावर मीच बसलो आहे.

लेई नदीच्या काठी, कोर्त्रेक शहरापासून सायकलवर वीस मिनिटांवर आमची संस्था. माणसं अकरा, काम जवसाचं. जवसाच्या काड्या पाण्यात कुजवायच्या, त्यातला वाख, म्हणजे धागा, सोडवायचा, त्याचं लिनन होतं. हे कुजवणं कमी पाण्यात आणि कमी वासात कसं करता येईल यावर आम्ही वर्षानुवर्षं डोकं खाजवतो आहोत. डोकं खाजवायलाही पैसा लागतो. तो ब्रसेल्सहून, युरोपच्या संशोधन निधीतून येतो, आणि तो मागणं ही एक वेगळीच विद्या आहे. आमच्याकडे ती एकट्या गोदेलीवला येत होती.

त्र्याण्णव साली ती टंकलेखनाला म्हणून लागली. तेव्हा अर्ज कागदावर जायचे, खोक्यात भरून. गोदेलीव ते खोकं मांडीवर घेऊन रेल्वेनं ब्रसेल्सला जायची, पाचच्या आत खिडकीवर द्यायची आणि शिक्का मारून परत यायची. एकदा देन्झेला गाडी बंद पडली. ही बाई खाली उतरली, हमरस्त्यावर अंड्यांचा ट्रक थांबवला आणि साडेचारला खिडकीवर हजर! ट्रकवाल्यानं नंतर दोन ईस्टरना तिच्या घरी अंडी पाठवली म्हणतात. ती मात्र हा विषय निघाला की पटकन कॉफी करायला उठायची.

पुढे सगळं संगणकावर गेलं, पण पाचची वेळ तीच राहिली. दर सात वर्षांनी ब्रसेल्स नवा कार्यक्रम काढतं, नवं नाव, नवे फॉर्म, नवे लाडके शब्द. आम्ही संशोधक मंडळी हबकून जायचो. गोदेलीव मसुदा जाहीर व्हायच्या आधीच कुठूनतरी मिळवायची, रविवारी स्वयंपाकघरात बसून वाचायची आणि सोमवारी सांगायची, "आधी स्पर्धा म्हणत होते, मग समाज म्हणाले, मग हरित. आता पुन्हा स्पर्धा. जवस तेच आहे, पोरा. पोत्यावरचं नाव तेवढं बदलायचं."

तिची रीत ठरलेली होती. शेवटच्या दिवशी सकाळी दहाला अर्ज छापून घ्यायचा. ज्याचा अर्ज त्यानं मोठ्यानं वाचायचा आणि ती एकेका ओळीखाली पट्टी सरकवत ऐकणार. त्या पट्टीखालून आजवर एकही थाप सुटलेली नाही.

"हे 'क्रांतिकारक' काय आहे?"

"टाकीची रचना."

"परवा गळत होती तीच ना? काढ."

बाराला एक प्रत पाठवून द्यायची. पाचपर्यंत हवी तितक्यांदा बदलता येते, शेवटची धरतात. पण बाराला एक गेलीच पाहिजे, कारण शेवटच्या तासात सगळा युरोप एकाच दारातून आत घुसू बघतो. आणि चारला भाताची टार्ट, दूधभात भरून भाजलेली गोड. ती अर्ज करणाऱ्यानं आणायची, निकालाची वाट न बघता. "मंजूर झाल्यावर केक कुणीही आणतं. आज राबलात, आज खा," असं तिचं म्हणणं.

माझं आणि तिचं एका गोष्टीवरून कायम वाजायचं. मला तरुणपणी गेंटला एक पारितोषिक मिळालं होतं. ते मी प्रत्येक अर्जात घालायचो. पानांची मर्यादा सक्त असते, जास्तीचं पान परीक्षकांना दिसतच नाही, म्हणून जागा कमी पडली की तिची पट्टी आधी माझ्या पारितोषिकावर यायची.

"योस्त, ही एक ओळ गेली की सगळं बसतं."

"ती सोडून काहीही मागा."

"अरे, तुझ्या आईलासुद्धा आता आठवत नसेल ते!"

तरी ती ओळ दर वेळी राहायची. कुठला तरी तक्ता आकसवून ती जागा काढून द्यायची. एकतीस वर्षांत तिनं त्रेसष्ट अर्ज पाठवले. त्या त्रेसष्टांत माझं पारितोषिक अकरा वेळा आहे आणि गोदेलीवचं नाव एकदाही नाही. अर्जात संशोधकांची नावं येतात. पट्टी कुणी धरली हे विचारणारा रकानाच नाही. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि आमच्याही कधी डोक्यात आलं नाही याची मला आज लाज वाटते.

आता तिच्या वडलांविषयी. रेमी कालेन्स जवस कुजवणारे होते. घरामागे कोमट पाण्याच्या टाक्या, त्यात काड्यांच्या पेंढ्या. तो वास अंगातून जात नाही, साबणानं नाही की कशानं नाही. शाळेत गोदेलीवच्या शेजारी कुणी बसायचं नाही. पण पेंढी बाहेर कधी काढायची हे गावात फक्त रेमींना कळायचं. ते पाण्यात हात घालायचे, एक काडी बोटांत मोडायचे आणि म्हणायचे, "काढा." एक तास लवकर काढली तर वाख सुटत नाही, एक तास उशीर झाला तर वाखच कुजतो. त्यांना लिहिता येत नव्हतं. नऊ वर्षांची गोदेलीव टाकीच्या कठड्यावर वही घेऊन बसायची. तारीख, पाण्याचं तापमान, किती तास झाले, काडी कशी मोडली, आणि शेवटी, "बाबा म्हणाले काढा." असे अकरा उन्हाळे.

त्या वह्या ती एकदा संस्थेत घेऊन आली ती केवळ मला हरवायला. मी माझ्या यंत्राच्या अचूकतेची बढाई मारत होतो. "माझ्या बाबांच्या बोटाशी लाव बघू तुझं यंत्र," म्हणाली. लावलं आणि हरलो. दोन वर्षं त्या वह्यांत डोकं घालून मी जी पद्धत बसवली तिला आम्ही 'कालेन्स रीत' म्हणू लागलो. त्यावर एक छोटा लेखही छापला.

त्यानंतर आमचे दिवस फिरले. लागोपाठ तीन अर्ज नापास झाले. दिर्कनं सगळ्यांना बसवून सांगितलं, की या वेळीही नाही जमलं तर टाक्यांची शेड बंद करावी लागेल आणि चौघांना जावं लागेल. त्या चौघांत मी होतो. गोदेलीव जूनअखेर निवृत्त होणार होती, म्हणजे हा तिच्या हातचा शेवटचा अर्ज.

निवड दोन फेऱ्यांत होती. पहिल्या फेरीत दहाच पानं, आणि तीही नावांशिवाय. परीक्षकांना अर्ज कुणाचा हे कळताच कामा नये. संस्थेचं किंवा माणसाचं नाव मजकुरात सापडलं की अर्ज बाद, कुणी वाचणारही नाही. गोदेलीवनं कॉफीच्या यंत्रावर कागद चिकटवला होता: "नावं नकोत. तुमचंसुद्धा नको, योस्त." मी संस्था काढली, गाव काढलं, नदीसुद्धा काढली. पारितोषिक रडत रडत काढलं. आणि मग सहाव्या पानावर एक वाक्य घातलं, तिला निरोपाची भेट म्हणून. मला वाटलं, नियम आपल्यासारख्या जित्यांना. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला कसला नियम? शहाण्या माणसानं इतका मूर्खपणा क्वचितच केला असेल.

सकाळी दहाला वाचायला बसलो. सहावं पान आलं. मी घसा साफ करून वाचलं, "पेंढी काढण्याची वेळ ठरवताना रेमी कालेन्स यांच्या रीतीचा आधार घेतला आहे."

पट्टी थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, परत घातला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"पुढे," ती म्हणाली.

बाराला अर्ज गेला. पाठवायचं बटण तिनं स्वतः दाबलं. दुपारभर मी शीळ घालत फिरत होतो, काय भेट दिली म्हणून स्वतःवरच खूश! चारला टार्ट कापली. सगळ्यांनी दोन दोन तुकडे हाणले. गोदेलीवनं तिचा तुकडा कागदात बांधून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "योस्त, चल. अर्ज उघड."

"आता? का?"

"सहावं पान. बाबांचं नाव काढायचंय."

"अहो, पण ते तुमच्यासाठी…"

"ठाऊक आहे मला कुणासाठी ते. इंटरनेटवर रेमी कालेन्स टाकलं की पहिला तुझा लेख येतो. त्याच्या डोक्यावर आपल्या संस्थेचं नाव. मग चौघं घरी बसा आणि शीळ घाला."

मी खुर्ची ओढून अर्ज उघडला. "मग सकाळीच का नाही बोललात? दहालाच कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं."

"मग?"

तिनं हातातली पट्टी उलटी केली, सुलटी केली. "पाचपर्यंत कुणी उघडून बघत नाही, बदलता येतं, हे मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. म्हटलं, राहू दे थोडा वेळ. माझ्या बाबांना लोक बसमध्ये शेजारी बसू देत नव्हते रे. आज बारा ते चार ते ब्रसेल्सला बसून आले. पुष्कळ झालं. आता काढ."

मी काढलं. त्या जागी लिहिलं, "एका जुन्या कारागिराच्या नोंदींचा आधार घेतला आहे." पण दुरुस्त प्रत चढवायला गेलो तर ते संकेतस्थळ ढिम्म हलेना. चार बत्तीसला एक चाक गरगरत होतं, चार चाळीसलाही तेच. दिर्क मागे उभा राहून उसासे टाकत होता.

"दिर्क, तू बाहेर जा," गोदेलीव म्हणाली. "तुझ्या उसाशांनी काच धुरकटते."

तिची नजर पडद्यावरून हलली नव्हती. पट्टी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. एकतीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं, आणि मला कळलं, की आपल्या चार तासांच्या सुखापायी आमच्या चौघांचं काय होईल याचा हिशेब ती मनात करते आहे. चार त्रेपन्नला पावती आली. तिनं ती दोनदा वाचली, कोट चढवला, टार्टचा तुकडा पिशवीत टाकला आणि सायकलवर बसून घरी गेली.

पहिल्या फेरीत आम्ही पास झालो. गोदेलीव जूनअखेर निवृत्त झाली. आम्ही तिला एक सायकलची टोपली दिली आणि दिर्क भाषणात दोनदा अडखळला. दुसरी फेरी शरदात होती. पुढे तीही आम्ही जिंकलो, टाक्या चालू आहेत आणि मीही आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या फेरीच्या शेवटच्या दिवसाचं.

दहाला पाच मिनिटं असताना ती दारात उभी. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी बोलावलं नाही म्हणून वाट बघणारी बाईही ती नव्हे. खण उघडून पट्टी काढली आणि समोर बसली. "वाच."

या फेरीत नावं चालतात. मी वाचत गेलो. सतराव्या पानावर आलो. "या रीतीचा आधार म्हणजे रेमी कालेन्स यांचं काम, आणि त्यांची मुलगी गोदेलीव कालेन्स यांनी अकरा उन्हाळे केलेल्या नोंदी."

पट्टी थांबली.

"ही ओळ जास्तीची आहे," ती म्हणाली. "शेवटचं पान ओलांडेल. रेमी कालेन्सपर्यंत ठेव, पुढचं काढ."

"मोजून बघा."

तिनं शेवटचं पान काढलं. अगदी तळाशी, पण बसत होतं. तिला ते पटेना. "काल दिर्क फोनवर म्हणाला, एका ओळीचीसुद्धा जागा नाही. मग ही कुठून आणलीस?"

"माझ्या माहितीतून."

तिनं पानं मागे उलटली, माझ्या माहितीचं पान शोधलं, पट्टी वरून खाली फिरवली. मग पुन्हा वरून.

"गेंटचं पारितोषिक कुठाय?"

"काढलं."

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसायला लागली, आणि बराच वेळ पुसत राहिली. मग सतरावं पान परत समोर ओढलं आणि त्या ओळीखाली पट्टी नीट लावली.

"पुन्हा वाच."

मी वाचलं. पट्टी हलली नाही.

"अजून एकदा."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. पाच वाजायला भरपूर वेळ होता, आणि या वेळी काही काढायचं नव्हतं.