अकरावी मात्रा

मी निघालो त्या दिवशी सहार विमानतळाच्या काचेच्या दाराशी अर्धं मुलुंड पूर्व उभं होतं. म्हणजे आई, बाबा, ताई, भावोजी आणि शेजारच्या बिल्डिंगमधला निल्या, आमच्या बँडचा ड्रमर. मी काही गड जिंकायला चाललो नव्हतो. फिनलंडमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी मिळाली होती. पण आईने कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सात पिशव्यांत गुंडाळलेले सुके बांगडे अशी रसद दिली होती की पाहणाऱ्याला वेढा पडणार आहे असं वाटावं. माझं बास गिटार मात्र घरीच राहिलं. सोलापुरी चादरीत गुंडाळून आईने ते पोटमाळ्यावर ठेवलं. “परत आल्यावर वाजव,” म्हणाली.

काचेच्या आत गेल्यावर मी वळून पाहिलं. ताई रडत होती, भावोजी तिला रुमाल शोधून देत होते, निल्या दोन्ही हातांनी कठड्यावर काहीतरी वाजवत होता. बाबांनी उजवा हात उचलला, तळवा आभाळाकडे केला आणि अलगद बाजूला सोडला. बस्स. हलवला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला टाटासुद्धा धड करता येत नाही. मी भरपूर हात हलवला आणि गेलो.

हे आता लिहायचं कारण, आमच्या घराण्याच्या ग्रुपवर कोणीतरी एका मासिकातला लेख टाकला. ‘पोटमाळा’ या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडची जन्मकथा. तीत माझ्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय, ‘सुरुवातीच्या काळातले बासिस्ट परदेशी गेले.’ बाबांच्या वाट्याला तेवढंही नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी, मुलुंडला राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे कुठे कुठे पांगले त्यांच्यासाठी, खरं काय झालं ते सांगतो. घरातला गोष्टीवेल्हाळ म्हणून माझी बदनामी आहेच, तिचा काही उपयोग होऊ दे.

बँडमध्ये आम्ही तिघे. निल्या. मुलुंड पश्चिमेचा आदित्य, त्याचे आईवडील दोघे बँकेत, त्यामुळे खरं इलेक्ट्रिक गिटार त्याच्याकडे. आणि मी. बास मी निवडलं असं म्हणवत नाही, तेच उरलं होतं. चारच तारा आहेत, जमेल, असं आदित्य म्हणाला. आम्हाला गायक मिळेना, म्हणून गाण्यातली गायकाची जागाही वाजवून भरायला लागायची आणि गाणी पंधरा-पंधरा मिनिटांची व्हायची. लेखात याला ‘धाडसी रचनाविचार’ म्हटलंय. वाचून मला ठसका लागला.

सराव आमच्या घरी, रविवारी दुपारी, मासे जेवून झाल्यावर. सामान पोटमाळ्यावर ठेवायचं म्हणून बँडचं नावही तेच. खिडक्यांना आईच्या गोधड्या, दाराला गादी. तरी खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी वर यायचे. आई त्यांना सोलकढीचा पेला द्यायची आणि ते तो पिऊन, तक्रार विसरून खाली जायचे. ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालली. सेक्रेटरी फक्त सोलकढीसाठी तक्रार करतात असं ताईचं मत होतं.

बाबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे. गावाहून गिरणीत आले, गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून मुलुंडला आले, भांडुपच्या एका कारखान्यात गोदाम सांभाळून निवृत्त झाले. या सगळ्या घरं बदलण्यात एकच गोष्ट त्यांच्याबरोबर टिकली, भजन. शनिवारी भजनी मंडळात पखवाज, आणि घरी खुंटीला टाळांची जोडी. आमचं संगीत त्यांना आवडायचं का? मला कधी कळलं नाही. पण उठून जायचे नाहीत. आमच्या त्या गदारोळात मांडीवर बोटं टेकत काहीतरी मोजत बसायचे. त्यांचा हिशेब जुळला नाही की भुवया वर जायच्या.

एका रविवारी आम्ही नवीन गाणं बसवत होतो. चार, चार आणि तीन, असा अकरा मात्रांचा फेर. बाबांची बोटं अडखळली.

“निल्या, ह्या काय मोजतस रे?”

“काका, अकराचं आहे.”

“अकरा? म्हणजे एकादशी.” बाबा विचारात पडले. “मगे उपास कोणी धरूचो?”

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. म्हणाले, अकरावी मात्रा उपाशी ठेवा. कोणी वाजवायचं नाही. दहा मात्रा पोटभर खा आणि एक सोडा, मग बघा सम कशी येते.

सम म्हणजे फेऱ्याची पहिली मात्रा, जिच्यावर सगळे एकत्र येऊन पडतात. आम्ही करून पाहिलं आणि, यार, काय सांगू. तिघं धडधडत येतोय आणि अचानक पायाखालची जमीनच नाही. आणि मग धाडकन सम. आदित्यच्या हातावर काटा आला, त्याने तो फिरून फिरून सगळ्यांना दाखवला. गाण्याचं नाव त्याच दिवशी ठरलं, ‘एकादशी’.

अडचण निल्याची होती. मेटलच्या ड्रमरला मोकळी जागा दिसली की तिथे काठी घातल्याशिवाय चैन पडत नाही. दर फेऱ्याला तो अकरावी मात्रा भरून टाकायचा. “तुझो हात गप रवणा नाय,” बाबा म्हणायचे. “सगळा भरून टाकलंस तर माणूस बसतलो खंय?” मग त्यांनी उपाय काढला. भजनात खाली, म्हणजे तालातली रिकामी मात्रा, हाताने दाखवतात तसा, अकरावी मात्रा आली की ते उंबऱ्यातून हात उचलायचे, तळवा वर, आणि बाजूला सोडायचे. तो हात दिसला की निल्याने स्वतःची डावी काठी मांडीवर टेकवून तोच हात तसाच सोडायचा. हात हवेत असला की वाजवणार कशाने? दोन-तीन रविवारांत सवय लागली. काळा टी-शर्ट घातलेला, कवट्यांचं चित्र छातीवर असलेला निल्या भजनी बुवासारखा खाली दाखवू लागला, तेव्हा आदित्यला हसू आवरायचं नाही.

मग आम्ही ते गाणं कॅसेटवर घेतलं. आईला सांगितलं, खोबरं खवणू नकोस. ताईला सांगितलं, नळ सोडू नकोस. बाबांना काही सांगायचं सुचलंच नाही. गाणं उत्तम गेलं. शेवटच्या फेऱ्यात, अकराव्या मात्रेवर, त्या कोऱ्या जागेत, टाळाचा एक ठोका पडला. एकच. बारीक, लांबून आल्यासारखा.

आम्ही तिघांनी वळून पाहिलं. बाबा टाळ खुंटीला परत लावत होते.

“काका, वाट लावलीत ना,” निल्या म्हणाला.

“उपासाक इतक्या चलता,” बाबा म्हणाले आणि आत झोपायला गेले.

दुसऱ्यांदा घ्यायला कॅसेट नव्हती. तीच राहिली.

त्यानंतर वर्षभरात मी निघालो. माझ्या जागी आदित्यचा एक मित्र आला, चांगला वाजवणारा. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

फिनलंडची गंमत अशी की तिथे मेटल हा बंडखोरांचा नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा प्रकार आहे. माझं खातं उघडणाऱ्या बँकेतल्या बाई मेटल ऐकायच्या. दातांचे डॉक्टर दाढ काढताना लावायचे. मुलुंडला आम्ही सोलकढी पाजून जे करायचो ते इथे राजरोस चालायचं, आणि वाजवायला मी एकटा, तोही बासशिवाय. आणि शांतता. मी राहतो त्या तांपेरे शहरात हिवाळ्यात बर्फ पडून गेल्यावर जी शांतता पसरते तिला आपल्याकडे शब्द नाही, कारण आपल्याकडे ती वस्तूच नाही. त्या शांततेत पहिल्यांदा मला टाळ ऐकू आला. हीटरचा पाइप तापताना वाजतो, असं मी स्वतःला समजावलं. मग तो उन्हाळ्यातही आला, हीटर बंद असताना, मी भांडी घासत होतो तेव्हा. एकच ठोका. बारीक, लांबून आल्यासारखा.

तोवर बाबा गेले होते. मी मुलुंडला पोचलो तेव्हा खुर्चीवर त्यांचा फोटो होता, खुंटीला टाळ होते. निल्याने आणि आदित्यने सगळं केलं होतं, माझ्या वाटणीचंही.

मग काही काळाने निल्याचा फोन आला. त्यांचा पहिला खरा अल्बम होत होता. “ऐक ना,” म्हणाला, “प्रोड्यूसरने आपली जुनी कॅसेट ऐकली. वेडा झालाय तो. म्हणतो, तो टाळ कापून घेऊ आणि दर फेऱ्याला अकराव्या मात्रेवर लावू. झकास होईल. पण काकांचा टाळ आहे. तू सांग.”

मी काय सांगणार? दर फेऱ्याला बाबा. ज्याला हवं त्याने बटण दाबावं आणि बाबांनी वाजवावं. मी आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. 

“नको,” ती म्हणाली. “तेंका रोज रोज वाजवूक लावू नकात. दमलेले ते. थंय गप बसांदेत.”

मी तसंच निल्याला कळवलं. त्याने प्रोड्यूसरला काय सांगितलं देव जाणे, पण अकरावी मात्रा उपाशीच राहिली. अल्बम निघाला, गाजला, पोटमाळा अंधेरीच्या स्टुडिओतून जर्मनीपर्यंत पोचला. मी तो ऐकला नाही. माझ्या मुलीने, ईराने, गाडीत लावला की मी पेट्रोल भरायला उतरायचो, टाकी भरलेली असली तरी. कारण साधं होतं. त्या कोऱ्या जागेत मला टाळ ऐकू आला असता, तर मी वेडा. नसता आला, तर बाबा गेले. दोन्ही नको होतं, म्हणून मी पेट्रोल भरत राहिलो.

या उन्हाळ्यात ईरा दोन तिकिटं घेऊन आली. पोटमाळा तांपेरेत. “बाबा, आता पंपावर नाही जायचं,” म्हणाली. माझ्या युक्त्या घरात सगळ्यांना कळतात, फक्त मला कळलेलं नसतं की कळल्यात.

संध्याकाळी हॉलबाहेर लख्ख ऊन होतं. आत काळ्या टी-शर्टमधले, दाढ्या वाढवलेले गोरे लोक, आणि त्यांच्यात कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन आलेला मी. निल्या आला. केस गेलेत त्याचे, पोट आलंय. ‘एकादशी’ शेवटी होतं. पहिले दहा ठोके माझ्या बरगड्यांत पडले. पाय पळायला निघाले, पण ईराने दंड धरला होता.

अकरावी मात्रा आली. निल्याची डावी काठी मांडीवर टेकली, हात उचलला गेला, तळवा वर, आणि अलगद बाजूला सुटला. आणि माझ्यासमोर, उजवीकडे, डावीकडे, त्या सगळ्या दाढीवाल्यांचे हात वर गेले. तळवे आभाळाकडे. अलगद बाजूला. मुलुंडच्या उंबऱ्यात बसलेल्या माणसाचा हात, एवढ्या जणांच्या खांद्यांना फुटलेला. मग सम पडली आणि सगळे उसळले.

पुढच्या फेऱ्याला मी कान दिला. त्याच्या पुढच्याला डोळे मिटून दिला. टाळ आला नाही. शेवटपर्यंत आला नाही. डोळे उघडले तेव्हा माझाही हात वर होता आणि मला सहारचं काचेचं दार दिसलं. हलवलाच नव्हता त्यांनी हात. मी इतकी वर्षं त्याला टाटा समजत होतो.

नंतर मागच्या खोलीत निल्या भेटला. मिठी मारली, माझं पोट थापटलं. “तुझं पण आलंय,” म्हणाला.

“लोक हात का करतात रे?” मी विचारलं.

“मी करतो म्हणून.”

“आणि तू?”

“नाही केला तर काठी चालते यार. अजून. काकांनी लावलेली सवय, ती सुटली की मी भरून टाकणार.” त्याने टॉवेलने डोकं पुसलं. “मुलाखतीत विचारतात, याचा अर्थ काय. मी सांगतो, शून्य, मौन, काहीही. आता सेक्रेटरी, सोलकढी, उपास, कुठून सुरू करू?”

“तुला टाळ ऐकू येतो का कधी?”

 “यायचा,” म्हणाला. “हल्ली नाही येत.” मग टॉवेल खांद्यावर टाकून, “म्हणून तर हात जास्त वर करतो.”

दुसऱ्या दिवशी आईला व्हिडिओ कॉल केला. आमची जुनी बिल्डिंग केव्हाच पाडली. आई आता त्याच जागेवर, पण बाराव्या मजल्यावर राहते. आमचं जुनं घर जिथे होतं तिथून सरळ वर, हवेत. पोटमाळा नाही, उंबरा नाही. टाळ मात्र तिने नव्या भिंतीला खिळा मारून घेतलेत, बिल्डरचं प्लास्टर उडालं तरी.

“वाजवल्यानी?” तिने विचारलं.

“वाजवलं.”

“ती जागा?”

 मी हात उचलला, तळवा वर केला आणि मोबाइलच्या पडद्यासमोर बाजूला सोडला. आई चष्मा सारून पाहत राहिली.

“खाली दाखवलंस,” म्हणाली. “मगे सम कोण धरतलो?”

आणि तिने पडद्यापलीकडे टाळी वाजवली. हात जुळलेले मला आधी दिसले, बांगड्यांचा आवाज नंतर आला. नेटवर्क तसंच आहे, मुलुंडहून इथे यायला मात्राभर उशीर लागतो. मी हात खाली घेतला नाही. आवाज पोचेपर्यंत तो तसाच हवेत ठेवला.