उन्हात ठेवलेली रेकॉर्ड

वहिनी होत्या तोवर हे सांगायचं मी टाळलं. अंगणात वाळणाऱ्या कोकमाच्या सोलांचा आंबट वास आला की ते आठवतंच. बोटीवर नोकरीला असलेल्या दादाने साठच्या दशकातली एक विलायती रॉकची रेकॉर्ड आणली होती. टेप उलटी फिरवून वाजवलेल्या गिटारी, पाण्याखालून आल्यासारखा आवाज, एक गाणं दुसऱ्यात विरघळायचं आणि खोली तरंगायला लागायची. घरात ती आवडायची फक्त मला आणि वहिनींना. "भावोजी, ती गरगरणारी बाजू लावा," म्हणत त्या नारळ खवत ऐकायच्या. पावसाआधी घरातलं सगळं उन्हात घालायची आमची रीत. बुरशी धरू नये म्हणून मी रेकॉर्डही सोलांशेजारी तापल्या चिऱ्यांवर ठेवली. दुपारपर्यंत तिचा पापड झाला. वाळवणाचं काम वहिनींचं, म्हणून दादा त्यांच्यावरच ओरडला, "अडाणी बाईच्या हाताशी ठेवायलाच नको होती." मी गप्प राहिलो. वहिनींनी पुन्हा कधी प्लेअरला हात लावला नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात मी तीच गाणी मोबाइलवर लावली. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "खरंच भावोजी, ती मी नव्हती हो ठेवली." "वहिनी, मीच ठेवली होती, माफ करा," एवढं ओठांवर आलं, आणि मी आवाज वाढवला.