तीन काट्यांची तबकडी

वहिनीला काटा कळतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. तिला माणूसही कळतो का, हे मात्र धाकट्या दिराने कधी तपासून पाहिलं नव्हतं, आणि तिथेच गडी फसला.

काटा असलेली प्रत्येक वस्तू तिच्याकडे यायची. दुकानदाराचा तराजू, गॅरेजवाल्याचा हवेचा मीटर, दवाखान्यातलं बीपीचं यंत्र. मूळ काम सासऱ्यांचं. लग्न होऊन आली त्याच महिन्यात हिने स्वयंपाकघरातलं घड्याळ पाडलं आणि ओरडा बसेल म्हणून कुणाला न सांगता उघडून, जोडून परत टांगून ठेवलं. सासऱ्यांनी चोरी पकडली ती एवढ्यावरून की जन्मभर पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ वेळेवर चालायला लागलं! दुसऱ्या दिवशी दुकानातल्या टेबलाशी आणखी एक स्टूल आलं, आणि म्हातारा जग सोडताना खिडकीतलं ते टेबलच सुनेच्या नावावर करून गेला.

दिराला हे कधी पचलंच नाही. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात त्याचा जुन्या सामानाचा धंदा. दाखवण्यासारखा माल आपल्याकडे आणि दाखवायची खिडकी हिच्याकडे, हा केवढा अन्याय, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

तर एका सोमवारी त्याने तिच्या टेबलावर एक काळी तबकडी ठेवली. कुठल्याशा म्हाताऱ्या फौजीच्या ट्रंकेत मिळालेली. एका काचेखाली तीन काटे, वर एक मोठा, खाली दोन छोटे. मागे पितळेच्या तीन तोट्या. अक्षर एकही नाही, नुसते आकडे.

"वहिनी, युद्धातली चीज आहे. कशाची ते रविवारपर्यंत ओळखा. तीनदा सांगायची मुभा. नाही जमलं तर खिडकी माझी, तुमचं टेबल मागे. जमलं तर तुमची पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवीन."

मागे म्हणजे अंधारकोठडी. केसाएवढा काटा बसवायचा तर खिडकीतला उजेड पाहिजेच, मागे टेबल गेलं की काम संपलंच. पण सासूबाई समोर बसलेल्या, गिऱ्हाईकं ऐकतायत, माघार कशी घेणार? ती हो म्हणून बसली. दिराने खरं उत्तर चिठ्ठीवर लिहून आईच्या चष्म्याच्या घरात ठेवलं आणि शीळ घालत निघून गेला.

तिने तबकडी उलटी केली तर पाठीमागे बोटभर जागा नव्या नाण्यासारखी चकाकत होती. काचपेपर! नावाची पट्टी या पठ्ठ्याने घासून काढली होती. ती मनात म्हणाली, असं आहे होय भाऊजी. आणि मागे त्याच्या सामानाशी पडलेला काचपेपरचा तुकडा गुपचूप आपल्या खणात टाकला.

सायकलचा पंप लावून तिने एकेका तोटीत हवा भरली. एका तोटीने एकच काटा हले. वरचा खूप लांब जाई, खालचे दोघे थोडंच, पण अगदी जुळ्या भावांसारखे. मोठा साठा एक, त्यातून खाणारे दोन. घाईघाईत ती बोलून गेली, जहाजाचा बॉयलर. दीर पोट धरून हसला. मंगळवारी म्हणाली, रणगाडा. तो परत हसला आणि खिडकीची लांबीरुंदी मोजायला लागला.

आता एकच संधी उरली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. बुधवारी तिने काय करावं, तर सासऱ्यांनी लावलेल्या सवयीप्रमाणेच केलं. काही सुचेना की वस्तू तराजूत घाल. घातली, आणि पारडं जेमतेम हललं. एवढी मोठी तबकडी आणि वजन पिसासारखं! जहाजाला आणि रणगाड्याला कशाला हवी असली काटकसर? वजनाची चिंता कुणाला, तर ज्याला उडायचंय त्याला.

म्हणजे विमान. पण विमानात काय?

गुरुवारी सकाळी दीर लोखंडाने भरलेली हातगाडी घेऊन आला. फाटकातून वळेना, तेव्हा त्याने डाव्या चाकाला पाय लावून ते अडवलं आणि उजवीकडून रेटा दिला. गाडी जागच्या जागी गर्रकन वळली. वहिनीच्या हातातली पकड खाली पडली. एक चाक थांबवलं की गाडी त्या बाजूला वळते! डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि दोन्ही ब्रेक दाबायला पुरणारी हवा वरच्या काट्यावर.

उत्तर ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात दिराने रंगाचा डबा काढला आणि भावी मालकाच्या थाटात खिडकीची चौकट खरवडायला बसला. वहिनीने ओठ मिटले आणि हळूच सासूबाईंच्या कानाशी लागली.

मग काय, बिचारा राबला. गुरुवारी चौकट रंगवली, शुक्रवारी दोन वर्षं कुरकुरणारी बिजागरी बदलली, शनिवारी तडकलेली काच काढून नवी बसवली आणि वर दिवासुद्धा लावला. वहिनी मधूनमधून उसासे टाकत होती. एकदा तर पदराने डोळे पुसले. त्याला इतकं वाईट वाटलं की मागे तिच्यासाठीही एक दिवा लावून देतो म्हणाला.

रविवारी सगळे जमले. वहिनीने तबकडी नव्या काचेसमोर धरली.

"लढाऊ विमानाच्या ब्रेकची. वरचा काटा साठवलेल्या हवेचा, खालचे दोन डाव्याउजव्या चाकाचे. जमिनीवर धावताना ते वळतं ना, तुमच्या हातगाडीसारखं."

सासूबाईंनी चिठ्ठी उघडली. त्यावर दोनच शब्द होते, 'विमानाचे ब्रेक'. दिराचं तोंड बघण्यासारखं झालं.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

सासूबाईच बोलल्या. "गुरुवारी. मीच म्हटलं, थांब गं, काच बसू दे."

त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा वहिनीकडे, आणि स्वतःच फसकन हसला. संध्याकाळी रंगवलेली पाटी लावायला शिडीवर चढला. वहिनी खालून बघत उभी होती, हातात काचपेपरचा तुकडा.

"भाऊजी, डावीकडे जरा खाली गेलीय. आणि हा तुमचा राहिला होता माझ्याकडे. पाटीची कड घासून घ्या, घासायचा सराव आहे तुम्हाला."