दोनदा विसळलेला पंप

माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली ‘मास्तरीण’ म्हणते. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत, पण परसातल्या वाफ्यांना रोज सकाळी अशा दटावतात की वेलांनीसुद्धा ताठ उभं राहावं. बाजार लांब, तोही आठवड्यातून एकदाच, त्यामुळे आमचं घर या परसावरच जेवतं. मला सातवा महिना होता, अंगात रक्त कमी, म्हणून पालकाचा अख्खा वाफा माझ्या नावे झाला होता. नको म्हणायची सोय नव्हती.

त्या दुपारी मी पालकाच्या भाजीचा पहिला घास उचलला आणि त्या मागच्या दारातून किंचाळल्या, "थांब! तोंडात घालू नकोस!"

घास ताटात पडला. त्यांच्या हातात फवारणीचा पंप होता. आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी घेवड्यावरच्या मावा किडीसाठी त्यातून साबणाचं पाणी मारलं होतं आणि उरलेलं पालकावर.

"हा शेतातला पंप ना? तणनाशकाचा?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"दोनदा विसळला की." सासऱ्यांचा आवाज पडला होता.

"नुसता विसळला?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "सकाळपासून पालकाचं एखादं पान तरी चघळलंस का?"

"नाही." माझा हात आपसूक पोटावर गेला.

"राईचा पर्वत करू नकोस," सासरे म्हणाले. "पानं हिरवीगार आहेत. दोन दिवस वाट बघू."

"आणि तोवर कुणी खुडली तर?"

त्या पदर खोचून वाफ्यात उतरल्या. पालक, घेवडा, शेजारची टोमॅटोची रोपं, सगळं मुळासकट उपटलं. टोमॅटोला फळं धरली होती. मध्येच त्या नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा सासऱ्यांनी कुदळ घेतली आणि ते सगळं पुरायला खड्डा खणला.

संध्याकाळी त्या रिकामी टोपली घेऊन शेजारच्या शिंपीणबाईंच्या दारात गेल्या. मी कुंपणाशी उभी होते. आजवर या बाईने कुणाकडे साधी मिरची मागितली नव्हती, वाटली मात्र ओंजळीने. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं.

"सुनेला पालेभाजी हवी आहे," सासूबाई म्हणाल्या. मग टोपली पुढे धरून, खाली बघत म्हणाल्या, "रोज लागेल गं."

मला रडू आवरेना.