ब्लूबेरीचं अजीर्ण

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिची सगळी नोकरी गेली. हातात डाव आणि तोंडात "अजून थोडं घ्या." त्यावरून तिचं नावच पडलं वाढपी. निवृत्त झाली तेव्हा घरात वाढायला कोणी उरलं नव्हतं. नवरा पूर्वीच गेलेला, मुलगी दूर नांदत होती. वरच्या मजल्यावर थोरली नणंद होती, पण ती खायची चिमणीएवढं.

त्या नणंदेनेच तिला वाढदिवसाला ब्लूबेरीचं रोप दिलं. वाढपीने ते आपल्याच मजल्यावरच्या उघड्या गच्चीत ठेवलं आणि बाह्या सरसावल्या. अंड्यांची टरफलं कुटून घातली, शेगडीतली राख घातली, घरचं कंपोस्ट ठासून भरलं. रोपाने मान टाकली. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. तिने घाबरून आणखी राख घातली.

"वहिनी, अजीर्ण झालंय त्याला," नणंद म्हणाली.

"काहीतरीच काय, वन्सं! खंगलंय बिचारं."

नणंद पूर्वी पोहण्याच्या तलावावर पाणी तपासायच्या कामाला होती. तिच्याकडे अजून पाण्याचा आंबटपणा दाखवणाऱ्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्या होत्या. तिने शुद्ध पाण्यात चमचाभर माती ढवळली, पट्टी बुडवली आणि वहिनीच्या नाकासमोर धरली.

"बघ. ह्याला लागते आंबट माती, आणि तुझी राख, तुझी टरफलं आंबटपणा मारतात. मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येईना. भरल्या ताटावर उपाशी बसलंय ते."

हे वाढपीला फार लागलं. आपल्या हाताखाली कोणी उपाशी? तिने राखेचं घमेलं दूर सारलं. मग म्हणाली, "सांगा काय करायचं."

दुसऱ्या दिवशी दोघी गच्चीत फतकल मारून बसल्या. पाइनच्या सालीचे बारीक तुकडे दोन घमेली, पीट मॉस म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ एक घमेलं, आणि पाणी तुंबू नये म्हणून पर्लाइटचे पांढरे दाणे. कोरडं पीट पाणी पिईना, वरच्यावर तरंगायला लागलं. वाढपीने कोमट पाण्याचा हबका मारून ते मळायला घेतलं.

"कणीक आहे का ती?"

"मळल्याशिवाय भिजत नाही हो हे! तुम्ही मुळं धुवा."

जुनी माती झटकून रोप नव्या मिश्रणात बसवलं, वर सालीचा थर दिला. जुनी माती टाकवेना, म्हणून ती टोमॅटोच्या कुंड्यांत गेली. टोमॅटोने तक्रार केली नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. नळाचं पाणीही आंबटपणा मारतं, म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं आणि बाकी काही करायचं नाही. वाढपी खताचा डबा घेऊन गच्चीत निघाली की वरच्या खिडकीतून आवाज यायचा, "वहिनी, हात मागे!" ती डबा लपवायची आणि सहज आल्यासारखं आभाळ बघायची. पण कोवळी पानं हिरवीगार फुटली, त्या दिवशी तीच धावत जिना चढली. "वन्सं, या लवकर! चपला राहू द्यात!"

पुढच्या हंगामात फळं धरली आणि पाखरांना त्याचा सुगावा लागला. वाढपीने जाळीचा जुना पडदा रोपावर टाकला. शेजारीण कठड्यावरून डोकावून म्हणाली, "नवरी कोण?"

फळं ओंजळभरच निघाली. नणंद म्हणाली, जोडीला दुसऱ्या जातीचं रोप असलं तर जास्त धरतील. लगेच दोघी रोपवाटिकेत गेल्या. कोणतं रोप घ्यायचं यावर त्यांची अशी जुंपली की माळ्याने मुकाट्याने दोन स्टुलं आणून ठेवली.